अलमूतचा शब्द, फ्लॉरेन्सचा रविवार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस निघाला, असं आपल्याकडे सहसा घडत नाही. सिनेमा गाजला की त्याचा ‘भाग दोन’ येतो आणि पहिल्यानं कमावलेलं पुण्य खर्चून निघून जातो. आज मी ज्या दुसऱ्या भागाबद्दल बोलणार आहे, तो सिनेमाही नाही आणि कादंबरीही नाही. तो पडद्यावर खेळायचा खेळ आहे, ज्याला मुलं ‘गेम’ म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या, त्यातून कविता करणाऱ्या माणसानं अशा विषयावर बोलावं हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. या खेळात इतिहास आहे. इतिहास आला की नावं येतात, आणि नाव कुणाचं, ते कुणी ठेवलं, हा प्रश्न आला की आम्हा शब्दांच्या माणसांचे कान टवकारतात.

खेळाचं नाव ‘असॅसिन्स क्रीड’. मराठीत ‘मारेकऱ्यांचा पंथ’ म्हणता येईल. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या स्टुडिओनं तो तयार केला. पहिला भाग नोव्हेंबर २००७ मध्ये आला, दुसरा बरोबर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये.

पहिल्या भागातलं साल ११९१. तिसरं धर्मयुद्ध चालू आहे. एकीकडे इंग्लंडचा राजा रिचर्ड, दुसरीकडे सुलतान सलाहुद्दीन. खेळणारा होतो अल्ताइर, म्हणजे सिरियातल्या मस्याफ किल्ल्यावरचा एक मारेकरी. दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम या तीन शहरांत जाऊन त्याला नऊ माणसं मारायची असतात. शहरं डोळ्यांत भरतात. कुठल्याही भिंतीवर चढा, मिनारावर जाऊन बसा, खाली बाजार पाहा. पण काम तेच ते. बाकावर बसून दोघांचं बोलणं ऐकायचं, कुणाचा तरी खिसा कापायचा, कुणाला तरी चोपून माहिती काढायची, मग सुरा चालवायचा आणि पळायचं. हे नऊ वेळा. पालुपद नऊ वेळा म्हणायचं आणि कडवी नाहीतच, अशी गत. शिवाय छपराछपरांवरून पाखरासारखा उडणारा हा गडी पाण्यात पडला की मरतो. पोहणंच येत नाही त्याला!

दुसऱ्या भागात नायक बदलतो, काळ बदलतो, देशही बदलतो. इटलीतलं फ्लॉरेन्स शहर, साल १४५९. एक मूल जन्मतं आणि आपण बटणं दाबली की ते हातपाय हलवतं. माझा पुतण्या हा खेळ खेळायचा तेव्हा त्याच्या शेजारी बसून मी हे पाहिलं, आणि त्या क्षणी वाटलं की पहिल्या खेळात जे नव्हतं ते यांना सापडलं. मुलाचं नाव एझिओ ऑडिटोरे. त्याला सावकारी पेढी चालवणारा बाप आहे, आई आहे, थट्टेखोर थोरला भाऊ, पक्ष्यांची पिसं गोळा करणारा आजारी धाकटा भाऊ आणि एक बहीण आहे. पुढं बापाला आणि दोन्ही भावांना भर चौकात फाशी देतात, तेव्हा खेळणाऱ्यालाही काही तरी गमावल्यासारखं होतं. पहिल्या नायकाचं पूर्ण नाव होतं अल्ताइर इब्न ला-अहद. अरबीत त्याचा अर्थ ‘कुणाचाच नसलेला मुलगा’. निनावी बापाचा मुलगा एका बाजूला आणि भरल्या घरातला मुलगा दुसऱ्या बाजूला. दुसरा भाग सरस ठरला तो मला वाटतं इथंच.

बाकी सुधारणा मुलांना जास्त समजतात. एझिओ पोहतो. पैसे कमावतो, शिंप्याकडून अंगरखा रंगवून घेतो, वैद्याकडून औषध घेतो, मोंतेरिजोनी नावाचं पडकं गाव डागडुजी करून नांदतं करतो. तरुण लिओनार्दो दा विंची त्याचा मित्र असतो आणि त्याला हत्यारं दुरुस्त करून देतो. एका जागी बेतलेल्या सुडाची गोष्ट १४७६ पासून १४९९ पर्यंत पसरते आणि तेवीस वर्षांत माणूस खरोखर पोक्त होतो. चर्चजवळ किंवा वाड्याजवळ गेलं की पडद्यावर खूण येते आणि बटण दाबल्यावर त्या वास्तूची माहिती उघडते. इतिहासाच्या पुस्तकाला हात न लावणारी मुलं ती वाचतात, हे मी पाहिलं आहे. एक गोष्ट मात्र खटकली. बाराव्या आणि तेराव्या प्रकरणांच्या जागी सांगितलं जातं की इथली स्मृती बिघडली आहे, आणि तीच प्रकरणं पुढं २०१० मध्ये वेगळे पैसे घेऊन विकली गेली. त्यांतलं एक साव्होनारोलावर आहे. फ्लॉरेन्समध्ये १४९७ साली चित्रं, आरसे आणि पुस्तकांची होळी करणारा हा धर्मगुरू. पुस्तकं जाळण्याची हकिगतच पुस्तकातून फाडून वेगळी विकावी, यालाही एक धाडस लागतं.

आता खेळ क्षणभर बाजूला ठेवू. त्याच्या केंद्रस्थानी असलेली घटना खरी आहे आणि खेळापेक्षा जास्त थरारक आहे.

२६ एप्रिल १४७८, रविवार. फ्लॉरेन्सच्या थोरल्या चर्चमध्ये, ब्रुनेलेस्कीनं उभारलेल्या त्या प्रचंड घुमटाखाली, प्रार्थना चालू आहे. शहरावर सत्ता मेदिची घराण्याची. धंदा सावकारीचा, थोरला लोरेन्झो, धाकटा ज्युलियानो. त्यांचे वैरी पाझ्झी, तेही सावकार. पोप चौथा सिक्स्टस यानं आपल्या खात्याचा कारभार मेदिचींकडून काढून पाझ्झींना दिला होता. पोपचा भाचा जिरोलामो रियारिओ आणि पिसाचा आर्चबिशप साल्वियाती हे कटात सामील. दोन्ही भावांना एकाच वेळी संपवायचं असं ठरलं. लोरेन्झोला मारायचं काम मोंतेसेक्को नावाच्या भाडोत्री शिपायावर सोपवलं होतं. ऐन वेळी जागा चर्च ठरली आणि हा पेशानं खून करणारा माणूस म्हणाला, देवाच्या घरात मी हे करणार नाही. मग ते काम कुणी घेतलं? दोन पाद्र्यांनी. त्यांना देवाच्या घराची सवय होती, असं म्हणायचं का?

ज्युलियानो त्या दिवशी आजारी होता, यायचा नव्हता. फ्रान्चेस्को पाझ्झी आणि बर्नार्दो बांदिनी त्याला घरून घेऊन आले. वाटेत प्रेमानं मिठी मारली आणि त्या मिठीत अंगरख्याखाली चिलखत आहे का ते चाचपून पाहिलं. मॅकियाव्हेलीनं आपल्या फ्लॉरेन्सच्या इतिहासात हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे मिठी म्हटलं की प्रतापगड आठवतो, पण इथं मिठीच्या दोन्ही बाजूंना एकाच शहरातले, एकाच धर्माचे, सोयरीक झालेले लोक होते. ज्युलियानोवर एकोणीस वार झाले. फ्रान्चेस्कोचा हात इतका पिसाळला की त्याचा एक वार स्वतःच्याच मांडीत गेला. लोरेन्झोच्या मानेवर जखम झाली, पण तो निसटून चर्चमधल्या आतल्या खोलीत शिरला आणि तिची काशाची दारं लावून घेण्यात आली. ती लावणाऱ्यांत एक कवी होता, अँजेलो पोलिझियानो. कवींच्या हातून इतिहासात एवढं उपयोगी काम क्वचितच झालं असेल.

मग सूड. आर्चबिशप आणि फ्रान्चेस्को यांना त्याच दिवशी नगरसभेच्या खिडक्यांतून फासावर लटकवलं. म्हाताऱ्या याकोपो पाझ्झीला मारून पुरलं, पुन्हा उकरलं आणि त्याचं प्रेत रस्त्यांतून फरफटत नेऊन नदीत फेकलं. चर्चमध्ये खून करायला नकार देणाऱ्या मोंतेसेक्कोचाही शिरच्छेद झाला. आणि पोपनं धर्मबहिष्कृत कुणाला केलं? लोरेन्झोला. त्याच्या माणसांनी आर्चबिशपला फाशी दिली म्हणून.

खेळ यातलं बरंच ठेवतो. नावं ठेवतो, चर्च ठेवतो, वारही ठेवतो. मग सगळ्यांच्या मागं एक सूत्रधार आणून बसवतो, रोद्रिगो बोर्जिया. हा पुढं १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर या नावानं पोप झाला. पाझ्झींच्या कटाशी त्याचा संबंध नव्हता. खेळाच्या शेवटी एझिओ आणि हे पोपमहाशय व्हॅटिकनमध्ये चक्क गुद्दागुद्दी करतात! गंमत म्हणून ठीक आहे. पण बांदिनीच्या बाबतीत खेळानं मोठी गोष्ट सोडून दिली, असं मला वाटतं. खेळात एझिओ त्याला टस्कनीतच गाठून मारतो. खरा बांदिनी पळाला तो थेट कॉन्स्टँटिनोपलला. तिथं सुलतान दुसरा मेहमद राज्य करत होता, पंचवीस वर्षांपूर्वी ते शहर जिंकून ख्रिस्ती जगाची झोप उडवणारा. चर्चमध्ये खून करून आलेल्या त्या ख्रिस्ती माणसाला मुसलमान सुलतानानं पकडलं आणि फ्लॉरेन्सच्या हवाली केलं. २९ डिसेंबर १४७९ रोजी त्याला फाशी झाली. लटकणाऱ्या त्या देहाचं रेखाचित्र लिओनार्दोनं काढलं आणि बाजूला कपड्यांची टिपणं लिहिली : टोपीचा रंग कोणता, अंगरखा निळा, अस्तर कोल्ह्याच्या कातड्याचं. ते चित्र आजही आहे. हसतखेळत हत्यारं जुळवून देणाऱ्या खेळातल्या लिओनार्दोपेक्षा प्रेताच्या अस्तराचा रंग टिपणारा हा लिओनार्दो मला जास्त खरा वाटतो. जास्त भीतीही त्याचीच वाटते.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. त्या रविवारी चर्चमध्ये जे घडलं त्याला इटालियन भाषेत शब्द तयार होता. ‘असॅसिनो’ हा शब्द त्याच्या दीडशे वर्षं आधी दान्तेनं आपल्या महाकाव्यातल्या नरकखंडात वापरला होता. पुढं इंग्रजीत शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये ‘असॅसिनेशन’ आला. पाझ्झी घराण्याचं नाव मात्र खुनाला पर्याय म्हणून कुठल्याही भाषेत रुजलं नाही. इटालियनमध्ये ‘पाझ्झो’ म्हणजे वेडा, पण तो अर्थ आधीपासूनचा. मग ‘असॅसिनो’ कुणाचं नाव?

त्यासाठी १०९० सालच्या इराणमध्ये जावं लागतं. कझवीन शहराच्या वर एल्बुर्झच्या डोंगरांत अलमूतचा किल्ला आहे. हसन सब्बाह नावाच्या विद्वान इस्माइली दाईनं, म्हणजे धर्मप्रचारकानं, तो रक्त न सांडता घेतला. आधी आपली माणसं गडावर पेरली, मग स्वतः गुपचूप गेला आणि किल्लेदाराला तीन हजार दिनारांची हुंडी देऊन वाटेला लावलं. त्यानंतर १९२४ नव्हे, ११२४ साली मरेपर्यंत, चौतीस वर्षं तो गडावरून खाली उतरला नाही. दरम्यान १०९४ मध्ये कैरोच्या फातिमी खलिफाच्या वारशावरून इस्माइलींत फूट पडली. थोरल्या निझारचा पक्ष घेणारे ते निझारी, धाकट्या मुस्तालीचा घेणारे ते मुस्ताली. मुंबईत भेंडीबाजारातला बोहरी आणि डोंगरीतला आगाखानी खोजा यांच्यातला फरक विचारला तर त्याचं उत्तर कैरोतल्या या भाऊबंदकीपर्यंत जातं.

अलमूतचे निझारी मूठभर, समोर सेल्जुक तुर्कांचं साम्राज्य. मैदानात टिकाव लागणं शक्य नव्हतं. त्यांनी वेगळी रीत काढली. फौजेशी न लढता फौज पाठवणाऱ्यालाच मारायचं, तेही सुऱ्यानं, उघड्यावर, बहुतेकदा लोकांच्या गर्दीत. मारणारा फिदाई सहसा जिवंत परतत नसे. १०९२ साली सेल्जुकांचा वजीर निझाम-उल-मुल्क याचा खून त्यांच्याच नावावर आहे. ११९२ मध्ये टायर शहरात माँफेराचा कॉनराड मारला गेला तोही सिरियातल्या निझारींकडून. हे सत्कृत्य होतं असं मी म्हणत नाही. खून तो खून. पण त्या काळात शहरंच्या शहरं कापून काढणाऱ्या सुलतानांना आणि राजांना इतिहासानं ‘विजेते’ म्हटलं, हेही विसरता येत नाही.

आणि नाव? ११२३ च्या सुमारास कैरोच्या दरबारातून, म्हणजे विरोधी मुस्ताली पक्षाकडून, निघालेल्या एका पत्रात सिरियातल्या निझारींना ‘हशीशिया’ म्हटलं आहे. शब्दशः अर्थ ‘हशीश पिणारे’, आपल्या भाषेत ‘गंजेडी’. ती शिवी होती. गल्लीत एखाद्याला गंजेडी म्हटलं की तो गांजा ओढतोच असं नाही, तसंच. धर्मयोद्ध्यांनी सिरियात ती ऐकली आणि खरी मानून युरोपात नेली. मग मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात बाग उगवली : डोंगरावरचा म्हातारा तरुणांना नशा पाजून रम्य बागेत नेतो, ही जन्नत आहे असं भासवतो आणि परत जायचं असेल तर अमक्याला मार म्हणतो. मार्को पोलो त्या मुलुखातून गेला तेव्हा अलमूत पडून पंधराएक वर्षं उलटली होती. १८०९ मध्ये पॅरिसच्या सिल्व्हेस्त्र द सासी या पंडितानं ‘असॅसिन’ आणि ‘हशीश’ यांचा धागा व्याख्यानात जुळवून दाखवला. व्युत्पत्ती बरोबर होती, पण तिच्याबरोबर बागेची गोष्टही विद्वानांत पक्की झाली. महिनोन्महिने वेश पालटून, परक्याच्या वाड्यात चाकरी करून, योग्य क्षणाची वाट पाहणं हे नशेत असलेल्या माणसाचं काम आहे का, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. निझारींचा कट्टर शत्रू असलेला इतिहासकार जुवैनीसुद्धा हशीशचा उल्लेख करत नाही.

हा जुवैनी १२५६ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेबरोबर अलमूतला आला. किल्ला शरण आला होता. तिथलं प्रसिद्ध ग्रंथालय तपासायची परवानगी त्यानं मागून घेतली. कुराणाच्या प्रती आणि ताऱ्यांचा वेध घेण्याची उपकरणं बाजूला काढली आणि निझारींच्या धर्माची पुस्तकं आगीत टाकली. त्यानं हे स्वतःच लिहून ठेवलं आहे, अभिमानानं. नसीरुद्दीन तुसीसारखा गणिती आणि ज्योतिर्विद वर्षानुवर्षं निझारी किल्ल्यांत राहून ग्रंथ लिहीत होता, ते जग असं संपलं. स्वतःची बाजू सांगणारी पुस्तकं गेली आणि शिवी उरली.

आपल्या भूमीशी याचं नातं अनेक ठिकाणी येतं. अलमूतच्या इमामांच्या एका शाखेचे वंशज शाह ताहिर इराणमधून जीव वाचवून समुद्रमार्गे गोव्याला उतरले आणि विजापूर, परांडा असं करत १५२२ च्या सुमारास अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी आले. विद्वान, मुत्सद्दी आणि कवीही. १५३७ मध्ये बुऱ्हाणशहानं शिया पंथ स्वीकारला तो त्यांच्याच प्रभावानं. पुढं एकोणिसाव्या शतकात पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले. खोजांच्या जमातीच्या मालमत्तेवरून खटला उभा राहिला आणि १८६६ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी निकाल देताना थेट अलमूतपर्यंतचा इतिहास तपासला आणि आगाखानांना त्या इमामांचे वारस मानलं. १८८१ मध्ये ते वारले. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. आणि जळालेल्या पुस्तकांतून वाचलेली, घराघरांत लपवलेली हस्तलिखितं शोधून निझारींची बाजू जगापुढं आणण्याचं काम मोठ्या प्रमाणात झालं तेही मुंबईतच. व्लादिमिर इव्हानोव्ह हा रशियन संशोधक आणि आसफ फैजी यांच्यासारखे अभ्यासक त्यात होते. १९४६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इस्माइली सोसायटीनं ती पुस्तकं छापली.

पुण्याचा आगाखान पॅलेस आपल्याला ठाऊक आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी तिथं कैदेत होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथंच गेले. ज्यांच्या पूर्वजांच्या अनुयायांना दिलेल्या शिवीतून ‘असॅसिन’ शब्द निघाला, त्यांचा तो वाडा. ३० जानेवारी १९४८ नंतर इंग्रजी वर्तमानपत्रांनी गांधीजींच्या हत्येसाठी जो शब्द छापला तो ‘असॅसिनेशन’. मराठीत आपण ‘खून’ म्हणतो, ‘हत्या’ म्हणतो, ‘वध’ही म्हणणारे आहेत. शब्द निवडणाऱ्याची बाजू त्यातून कळतेच.

पुन्हा खेळाकडे. त्याच्या कर्त्यांनी प्रेरणा घेतली ती व्लादिमिर बार्तोल या स्लोव्हेनियन लेखकाच्या ‘अलमूत’ या १९३८ च्या कादंबरीवरून. सत्य असं काही नसतं, म्हणून कशालाच मनाई नाही, अशा अर्थाचं खेळातल्या पंथाचं ब्रीद आहे. १८८७ मध्ये नीत्शेनं ते या लोकांच्या तोंडी घातलं होतं. निझारी ग्रंथांत त्याला आधार नाही. इमामावर जीव ओवाळून टाकणाऱ्यांना सत्यच नाही असं म्हणायला लावायचं, हा अजब न्याय झाला. पण एक श्रेय खेळाला द्यायला हवं. शेकडो वर्षं जो शब्द शिवी होता, त्या नावाचा माणूस इथं नायक आहे. कोट्यवधी मुलांनी तो अंगरखा मनानं घातला.

मला सलतं ते वेगळंच. दुसऱ्या भागातला एझिओ इंग्रजी बोलतो, पण बोलता बोलता इटालियन शब्द पेरतो, इटालियनमध्ये शिव्या देतो, आईला हाक मारतो. त्याची मातृभाषा त्याच्या जिभेवर आहे. सिरियातला अल्ताइर मात्र पहिल्या भागात सरळ अमेरिकी इंग्रजी बोलतो. त्याला बाप नव्हता आणि भाषाही नव्हती. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला ‘तुमची भाषा खरी कोणती?’ असं अनेकदा विचारलं जातं, म्हणून असेल कदाचित, पण ते माझ्या कानाला लगेच जाणवलं. पुढच्या भागांत थोडी भरपाई झाली. २०११ च्या भागात म्हातारा झालेला एझिओ मस्याफला जातो, आणि अल्ताइरची बायको, मुलं आणि म्हातारपण आपल्याला दिसतं. २०२३ मध्ये नवव्या शतकातल्या बगदादवरचा भाग आला. तो सुरू करताना भाषा निवडता येते आणि त्या यादीत अरबी आहे. पुतण्यानं ती निवडली होती. अक्षरं इंग्रजीत खाली उमटत होती आणि बाजारातले लोक, पहारेकरी, नायक, सगळे अरबीत बोलत होते. आम्हा दोघांनाही ती समजत नव्हती, तरी त्यानं ती बदलली नाही.